शहरात ऊन, नदीला पूर : कोल्हापुरात हवामान सांगताना

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "पातळी किती?" कुठली नदी, कुठला बंधारा हे सांगावं लागत नाही. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फूट, किती इंच आहे, एवढंच विचारायचं असतं. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलांनाही तोंडपाठ. या शहरातल्या एका स्थानिक केबल वाहिनीवर मी २०२० च्या पावसाळ्यापासून संध्याकाळच्या बातमीपत्रात हवामान सांगते. हे काम मी कसं शिकले आणि करता करता ते कसं बदलत गेलं, हे लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. टीव्हीवरचं हवामान म्हणजे नकाशासमोर उभं राहून हात हलवणं, असा समज अजून घट्ट आहे, आणि तो समज असेपर्यंत लोक आमचं ऐकून जनावरं हलवणार नाहीत.

भूगोलात एम.ए. करून मी वाहिनीत वृत्तनिवेदिका म्हणून लागले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फूट ७ इंचांपर्यंत गेली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, शहरात येणारं दूध, भाजी, पेट्रोल थांबलं. त्या दिवसांत आमच्या बातम्या अखंड चालू होत्या, पण त्या सगळ्या घडून गेलेल्या गोष्टींच्या: कुठं पाणी आलं, किती जणांना बोटीतून काढलं, कुठला रस्ता बंद झाला. पाणी ओसरल्यावर मी शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत बाईट घ्यायला गेले. गणपती दोन-तीन आठवड्यांवर आले होते आणि शाडूच्या मूर्तींचा चिखल होऊन बसला होता. तिथले एक वयस्कर कुंभारकाका मला म्हणाले, "आमच्या गल्लीतलं पाणी टीव्हीवर दाखवलासा, ते आम्ही दारात उभारून बघतच होतो की. उद्या किती येणार, हे कुणी सांगितलं न्हाई."

ते बोलणं मी संपादकांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पुढच्या पावसाळ्यापासून रोज पाच मिनिटं हवामानाला द्यायचं ठरवलं आणि भूगोल शिकलेली मीच असल्यामुळं काम माझ्याकडं आलं.

भूगोलातला मान्सून आणि आपल्या जिल्ह्यातला पाऊस यांत केवढं अंतर आहे, ते मला पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांनी दाखवलं. त्यांच्या घरी मी लॉकडाउन उठल्यावर दर रविवारी जायचे. त्यांच्याकडं आलेख काढायच्या वह्या होत्या, जुन्या पुरांच्या. एका बाजूला वेळ, दुसऱ्या बाजूला पातळी. मी साहजिकच सर्वांत वरचा बिंदू बघायचे. त्यावर ते म्हणाले, "पोरी, टोक काय बघतीस? चढ बघ. बेचाळीस फुटांवर पाणी तासाला एक इंच चढत असलं तर जेवून ये. अडतीस फुटांवर असून तासाला सहा इंच चढत असलं तर जेवू नको, फोन लावत बस." त्या दिवसापासून आजतागायत माझ्या टेबलावरच्या वहीत तीनच रकाने असतात: वेळ, पातळी आणि मागच्या तासात किती इंच.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती पाणलोटाची. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या सह्याद्रीच्या बाजूनं येतात, प्रयाग चिखलीशी एकत्र होतात आणि तिथून पुढं पंचगंगा म्हणून शहराला वळसा घालतात. पाऊस पडतो तो या नद्यांच्या उगमाकडं. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. सरळ रेषेत ऐंशी-एक किलोमीटर पूर्वेला असलेल्या शिरोळमध्ये पाच-सहाशे. जिल्हा एकच, पाऊस दहापट कमीजास्त. त्यामुळं कोल्हापुरात असं होतं की शहरातल्या रंकाळा तलावावर लख्ख ऊन पडलेलं असतं, लोक छत्र्या घरी ठेवून भेळ खायला बाहेर पडतात आणि त्याच वेळी पंचगंगा घाटावरच्या देवळांच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जात असतात. आदल्या रात्री गगनबावड्यात, दाजीपूरच्या जंगलात जे पडलं, ते दुसऱ्या दिवशी इथं पोचतं. किती तासांनी, याचं एकच एक उत्तर नाही. नदी आधीच भरलेली आहे का, जमीन पाणी पिऊन तुडुंब झालीय का, पाऊस कुंभी-कासारीच्या बाजूला जास्त पडला की भोगावतीच्या, यावर ते अवलंबून असतं.

म्हणजे शहरातल्या माणसाला शहरावरच्या ढगाबद्दल सांगून फारसा उपयोग नाही. त्याला सह्याद्रीच्या घाटातल्या ढगाबद्दल सांगायला हवं. हे मला पटलं होतं, पण बातमीपत्रात बसवताना भांडावं लागलं. सुरुवातीला माझा क्रम ठरवून दिलेला होता: आधी शहराचं तापमान आणि पाऊस, मग जिल्हा, मग राज्य. बुलेटिन प्रोड्यूसरचं म्हणणं, प्रेक्षक शहरातला आहे, त्याला आधी त्याचं शहर दाखवा. मी म्हणत होते, आधी घाट, मग धरणं, मग नदी, शेवटी शहर. पाणी ज्या वाटेनं येतं त्याच वाटेनं सांगायचं. पहिला पावसाळा मी त्यांच्या क्रमानं काढला. लोकांचे फोन यायचे ते नेमके मी जे शेवटी घाईत उरकत होते त्याबद्दल: राधानगरी धरणाचं काय, गगनबावड्याला किती झाला? त्या फोनांच्या जोरावर दुसऱ्या वर्षी क्रम बदलून मिळाला.

आता रोजचं काम कसं चालतं ते सांगते. हवामान विभागाच्या हिशेबात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. म्हणजे "आज १२० मिलिमीटर पाऊस" असा आकडा सकाळी येतो तेव्हा तो बहुतेक काल दुपारचा आणि रात्रीचा असतो. हे मी पडद्यावर दर वेळी लिहून दाखवते, कारण लोक खिडकीबाहेर बघतात, बाहेर कोरडं असतं आणि त्यांना वाटतं आकडा खोटा आहे. सकाळी कृषी खात्याकडून महसूल मंडळनिहाय, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटानुसार, पाऊस मिळतो. तालुक्याच्या सरासरीपेक्षा मी मंडळाचे आकडे धरते. करवीर तालुक्याची सरासरी काढली तर पश्चिमेच्या गावांचा जोराचा पाऊस पूर्वेच्या रिमझिमीत मिसळून जातो आणि हाती काहीच लागत नाही.

दुपारच्या सुमाराला हवामान विभागाचा जिल्हानिहाय इशारा येतो, पुढच्या पाच दिवसांचा. आमच्या दृष्टीनं त्यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे "कोल्हापूर" आणि "कोल्हापूर घाट" वेगवेगळे दिलेले असतात. घाटाला ऑरेंज आणि बाकी जिल्ह्याला त्याहून खालचा यलो, असं पुष्कळदा असतं. मोठ्या वाहिन्यांवर त्यातला वरचा रंग उचलून "कोल्हापूरला ऑरेंज अलर्ट" असं धावतं. मग इचलकरंजीतली आई मुलाला शाळेत पाठवत नाही, दिवसभर पाऊस येत नाही आणि पुढच्या वेळी खरा इशारा आला की ती टीव्ही बंद करते. म्हणून मी ते दोन भाग वेगळे रंगवूनच दाखवते. इशाऱ्यातली पावसाची भाषाही ठरलेली असते. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. "तुरळक ठिकाणी" म्हणजे पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर, "बहुतांश ठिकाणी" म्हणजे तीन चतुर्थांशांपेक्षा जास्त. "घाटात तुरळक ठिकाणी अतिमुसळधार" हे वाक्य ऐकायला किरकोळ वाटतं. पण ते तुरळक ठिकाण गगनबावडा असलं तर दुसऱ्या दिवशी पंचगंगा पात्राबाहेर पडलेली असते. अशा वेळी मी सरळ सांगते की पाऊस थोड्या गावांत पडेल, पण पाणी सगळ्यांकडं येईल.

इशारा वाचण्यापुरतं काम असतं तर ते कुणीही केलं असतं. इशाऱ्याच्या मागं काय आहे हे मला स्वतःला बघावं लागतं, नाहीतर प्रश्नांना उत्तरं देता येत नाहीत. किनारपट्टीलगत दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत कमी दाबाचा पट्टा तयार झालाय का, बंगालच्या उपसागरावरून एखादं कमी दाबाचं क्षेत्र ओडिशा, छत्तीसगडमार्गे पश्चिमेला सरकतंय का, जमिनीपासून दीड किलोमीटर उंचीवर अरबी समुद्राकडून येणारा वारा किती जोराचा आहे, या तीन गोष्टी मी रोज बघते. तिन्ही जुळल्या की घाटात पाऊस ठरलेला. वारा सह्याद्रीवर आडवा आपटतो, वर चढतो आणि कड्यावरच रिकामा होतो. इन्सॅटची चित्रं अर्ध्या तासानं येतात. त्यांत मोठ्या ढगांचे पांढरे पुंजके दिसले की नवशिका माणूस घाबरतो. पण आपल्या घाटातला संततधार पाऊस पुष्कळदा कमी उंचीच्या ढगांतून पडतो आणि वरून बघणाऱ्या उपग्रहाला ते ढग फारसे भयंकर दिसत नाहीत. रडारचीही तीच अडचण. आम्हाला जवळचं डॉप्लर रडार गोव्याचं. एवढ्या अंतरावर येईपर्यंत रडारची किरणं जमिनीपासून बरीच उंच गेलेली असतात, मध्ये डोंगर आहेतच, आणि कड्याला चिकटून कोसळणारा पाऊस त्या किरणांच्या खालून निसटतो. पडद्यावर फिकट निळा ठिपका आणि गगनबावड्याला रस्त्यावर गुडघाभर पाणी, असं मी पाहिलंय. त्यामुळं मी तिथल्या आमच्या वार्ताहराच्या फोनला रडारइतकाच मान देते. तो त्याच्या घरामागच्या ओढ्याबद्दल सांगतो: मोरीच्या खालून चाललाय, मोरीला लागलाय, की रस्त्यावर आलाय.

मग धरणं. राधानगरी धरण ८.३६ टीएमसीचं, म्हणजे ८.३६ अब्ज घनफूट पाण्याचं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, विजेची किंवा माणसाची वाट बघत नाहीत. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी येतं, म्हणजे चार उघडले की ५,७१२. "राधानगरीचा दरवाजा उघडला" ही बातमी कोल्हापुरात वाऱ्यासारखी पसरते आणि तिच्यामागून भीतीही. मला सांगावं लागतं की भीती योग्य आहे, पण अर्धी. राधानगरीचा एकही दरवाजा उघडलेला नसताना पंचगंगा पात्राबाहेर पडल्याचं आम्ही बघितलंय. धरणांच्या खालच्या बाजूला जो मुक्त पाणलोट आहे, त्यावर पडणारं पाणी कुठल्याच भिंतीला अडत नाही, ते थेट नदीत येतं. म्हणून मी दरवाजांचा आकडा एकटा कधीच दाखवत नाही. त्याच्या शेजारी राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि मागच्या तीन तासांतला चढ असतोच.

स्टुडिओत उभं राहणं ही वेगळीच कसरत. नकाशा तिथं नसतोच. मागं सपाट हिरवी भिंत, तिला क्रोमा म्हणतात; जिथं हिरवं दिसेल तिथं संगणक नकाशा बसवतो. बाजूच्या मॉनिटरवर आपण आणि नकाशा एकत्र दिसतो, त्यात बघत हात न्यायचा. भिंतीकडं बघितलं तर काहीच सापडत नाही आणि मॉनिटरकडं फार वेळ बघितलं तर आपण प्रेक्षकाकडं पाठ केल्यासारखं दिसतं. हिरवं काही अंगावर चालत नाही. लग्नानंतर मी हिरवा चुडा भरलेला असताना एक तालीम केली, तर मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागातून भुदरगड तालुका दिसायला लागला. चुडा उतरवायचा नव्हता, म्हणून तेवढे दिवस लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले. श्रावणात प्रेक्षक बायकांचे निरोप येतात की ताई, एखाद्या दिवशी हिरवी साडी नेसा की. त्यांना मी क्रोमाचं सांगते.

उभं कुठं राहायचं हाही प्रश्न असतो. पश्चिम डावीकडं. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, सगळं महत्त्वाचं तिकडं, म्हणून मी उजवीकडं उभी राहायचे. शिरोळहून एका प्रेक्षकांचा फोन आला. "तुम्ही रोज आमच्या तालुक्यावर उभ्या राहता, आम्ही कुठं बघायचं?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. जुलैच्या पहिल्या जोराच्या पावसात शिरोळ कोरडं असतं, पण आठवड्यानं सगळं पाणी शेवटी त्यांच्याच दारात जाऊन थांबतं. आता सांगताना मी अर्ध्यावर जागा बदलते. घाट सांगून झाला की डावीकडं सरकते आणि पूर्वेचा भाग मोकळा सोडते.

२०२१ चा जुलै या सगळ्याची परीक्षा घेऊन गेला. घाटासाठी रेड अलर्ट होता. २२ तारखेला सकाळी चिपळूण पाण्यात गेल्याच्या बातम्या आल्या. चिपळूण घाटाच्या पलीकडं, पण कड्यावर आपटणारा वारा दोन्हीकडं एकच. गगनबावड्याचा आमचा वार्ताहर सांगत होता की रात्रभर एक मिनिट थांबलेला नाही. माझ्या वहीतला तिसरा रकाना बघून मी अभियंता सरांना फोन केला. त्यांनी पातळी विचारलीच नाही, चढ विचारला. ऐकून म्हणाले, "एकोणीसला एवढा नव्हता. लोकांना एकोणीसच्या खुणेवर थांबू देऊ नको."

त्या वाक्यात सगळं होतं. २०१९ च्या पुरानंतर लोकांनी घराच्या भिंतींवर पाण्याची रेघ मारून ठेवली होती. प्रत्येकाचा हिशेब त्या रेघेवर चालला होता: तेव्हा आपल्या उंबऱ्याला लागलं होतं, म्हणजे यंदाही तिथंच थांबेल, फ्रिज टेबलावर ठेवला की झालं. फोनवर दहातले आठ जण हेच बोलत होते. मी जिल्हा नियंत्रण कक्षाशी बोलून त्यांच्या सूचना घेतल्या आणि त्या संध्याकाळी पाच मिनिटांच्या जागी हवामान बातमीपत्राच्या सुरुवातीला आणि दर तासाला घ्यायचं ठरलं. पडद्यावर मी नकाशाच ठेवला नाही. दोनच ओळी ठेवल्या: आत्ताची पातळी, आणि मागच्या तीन तासांत चढलेले इंच. आणि सांगितलं की एकोणीसच्या रेघेच्या वर एक पायरी धरा. त्या वर्षी ज्यांच्या उंबऱ्याशी पाणी थांबलं त्यांनी यंदा घरात येईल असं समजून उजेडातच निघा. सुतारवाडा, बापट कॅम्प, प्रयाग चिखली, आंबेवाडी ही नावं घेऊन सांगितलं. "सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे" या वाक्यानं कुणी जागचं हलत नाही, कारण आपलं घर सखल आहे असं कुणालाच वाटत नसतं.

चिखलीहून एका शेतकऱ्यानं फोन केला. "मॅडम, जनावरं सोनतळीला न्यायची काय आज? का उद्या सकाळी बघू?" असा प्रश्न आला की पोटात गोळा येतो. मी हो म्हणावं आणि पाणी येऊ नये, तर त्याचा टेम्पोचा खर्च, म्हशींचं दूध आटणं, सगळं माझ्या शब्दावर. मी नाही म्हणावं आणि रात्री पाणी यावं, तर पुढचं बोलायलाच नको. मी त्याला आकडे सांगितले: आत्ता किती, तासाला किती चढतंय, तुमच्या रस्त्यावर पाणी यायला अजून किती चढायला लागेल. तो म्हणाला, "म्हणजे रात्रीत रस्ता तुटणार." मी म्हटलं, याच चढानं चाललं तर तुटणार. "मग आत्ताच जातो." ठरवणं त्याचं होतं, माझं काम त्याला ठरवता येईल असं सांगण्याचं होतं. आजही मी फोनवर असंच बोलते.

त्या वेळी पातळी ५६ फूट ३ इंचांपर्यंत गेली. २०१९ पेक्षा आठ इंच जास्त. कागदावर आठ इंच काहीच नाहीत. पण एकोणीसला जिथं पाणी दाराशी येऊन परत फिरलं होतं, तिथं ते एकवीसला चुलीपर्यंत गेलं. कुंभार गल्लीतल्या त्याच काकांनी मूर्ती आधीच माळ्यावर चढवल्या होत्या, काही नातेवाइकांकडं राजारामपुरीत हलवल्या होत्या. सगळ्या वाचल्या नाहीत. मोठ्या मूर्ती हलतच नाहीत, त्या तिथंच सोडाव्या लागल्या.

पुराच्या काळात दुसरी लढाई असते ती व्हॉट्सॲपशी. धरणाला तडा गेला, अमुक पूल वाहून गेला, अलमट्टीनं पाणी अडवलं, असे निरोप रात्री बाराला येतात, सोबत भलत्याच नदीचा, भलत्याच वर्षाचा व्हिडिओ. नुसतं "अफवांवर विश्वास ठेवू नका" म्हणून चालत नाही. मी तो निरोप पडद्यावर घेते आणि त्याच्या शेजारी त्या क्षणाचा आकडा ठेवते: धरणात इतका साठा, इतका विसर्ग, वेळ अमुक. अलमट्टी म्हणजे कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण; त्याच्याबद्दल तर रोज प्रश्न असतात. म्हणून तिथली पाणीपातळी आणि विसर्ग हे दोन आकडे मी पुराच्या दिवसांत कायमचेच ठेवले आहेत. कोण बरोबर, कोण चूक, यावर तज्ज्ञांच्या समित्या बसतात. रात्री बाराला जागा असलेल्या माणसाला आकडा मिळाला तर तो निदान झोपायचं की सामान बांधायचं ते ठरवू शकतो.

बाकीचे ऋतू तुलनेनं सोपे, पण अगदी रिकामे नाहीत. एप्रिल-मेमध्ये वळीव. सकाळी घामाच्या धारा, दुपारनंतर काळंकुट्ट आभाळ, पाऊण तासात सगळं आटपलेलं. तो कुठल्या गावावर कोसळेल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. हवामान विभागाचा तीन तासांचा इशारा येतो तेवढाच हाताशी असतो. विजांसाठी मी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं काढलेलं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप घ्यायला सांगते आणि उसाच्या रानात एकटं झाड बघून त्याच्याखाली उभं राहू नका, हे दर वर्षी तितक्याच कळकळीनं सांगते.

थंडीच्या दिवसांत पडणारा अवकाळी पाऊस शहरातल्या लोकांना गंमत वाटतो. पण तेव्हा गुऱ्हाळघरं चालू असतात आणि काहिलीखाली जळण म्हणून वाळलेली चिपाडं लागतात. ती भिजली की गुऱ्हाळ बंद, तोडलेला ऊस पडून, साखरेचा उतारा खाली. पालं टाकून राहिलेल्या ऊसतोड मजुरांच्या अंथरुणात पाणी जातं ते वेगळंच. म्हणून डिसेंबरात अरबी समुद्रात काही हललं, की मी दोन दिवस आधीपासून चिपाडं झाकायला सांगते. पन्हाळा तालुक्यातले एक गुऱ्हाळवाले दर वर्षी हंगाम सुरू होताना फोन करून विचारतात, "ताई, ताडपत्री काढून ठेवू काय?" हा माझ्या कामाचा मला मिळालेला सर्वांत स्पष्ट पगार आहे असं मी मानते.

जूनच्या सुरुवातीला पेरणीची घाई असते. मृग निघाला, दोन सरी आल्या की लोक तिफण काढतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. २०२५ मध्ये तर मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला, इतक्या लवकर तो नोंदीत कधी आला नव्हता. सगळीकडं आनंदाचं वातावरण. तेव्हा मी रोज मंडळनिहाय आकडा दाखवून सांगत होते की मान्सून आला ही बातमी खरी, पण तुमच्या शिवारात किती मुरलं ते बघा आणि मगच बियाण्याची पिशवी फोडा.

सध्या मी पूर्व भागासाठी वेगळा तक्ता तयार करते आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी तिच्यात शिरत नाही, मागं तुंबतं आणि कोल्हापुरात पातळी उतरत असताना शिरोळमध्ये ती चढत राहते. वाडीला दत्ताच्या देवळात पाणी येतं, ते दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं त्या दक्षिणद्वार सोहळ्याला भाविकांची गर्दी होते, आणि शेजारच्या गावांत त्याच पाण्यानं उसाचे फड बुडालेले असतात. कोल्हापूरचं पाणी उतरलं की आमची वाहिनीही पुराची बातमी आवरती घेते. शिरोळकरांची तक्रार आहे ती हीच, आणि खरी आहे. त्यामुळं यंदा राजाराम बंधाऱ्याच्या ओळीखाली कोयनेचा विसर्ग, सांगलीला आयर्विन पुलाची पातळी आणि वाडीची पातळी अशा तीन ओळी कायमच्या असतील, आणि कोल्हापूर ३९ फुटांखाली आलं तरी वाडीचं पाणी उतरेपर्यंत त्या पडद्यावरून काढायच्या नाहीत, असं संपादकांकडून मी लिहून घेतलंय.